स्लॅबमधला कोहली, पत्रिकेवरचा गुरबाणी

दिवाळीसाठी पुण्याहून निघताना चिरंजीव फोनवर म्हणाले, "आई, मामांना सांग, एक स्लॅब घेऊन येतोय." मी निरोप जसाच्या तसा पोचवला. माझे थोरले भाऊ जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "लक्झरीत टाकून?" आमच्या यवतमाळात स्लॅब घरावर टाकतात, मग तिच्यावर आयुष्यभर पाणी मारतात. पोरानं ती बसमधून आणावी, हे त्यांना पटेना.

बॅगेतून निघाली ती तळहाताएवढी पारदर्शक, जाड प्लॅस्टिकची पेटी. आत एक कार्ड. कार्डावर आयपीएलच्या सुरुवातीच्या वर्षांतला विराट कोहली, गालावर अजून बाळसं असलेला. पेटीच्या माथ्यावर लेबल आणि लेबलाच्या कोपऱ्यात आकडा : ९. किंमत त्यानं आल्याआल्या सांगितली नाही. भाऊबीजेच्या ओवाळणीत हात सैल सुटला तेव्हा मी विचारली. आमचा दोन महिन्यांचा किराणा आला असता.

भाऊंची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. राज्यात १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी ते खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून लागले आणि तीसेक वर्षं तेच करत राहिले. गाडी आली की वर चढायचं, बोरा फोडायचा, मूठ आत घालायची, कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघायची, ओल बघायची, काडीकचरा बघायचा आणि प्रत सांगायची. म्हणजे जगातल्या ज्या मोजक्या लोकांना 'ग्रेड' या शब्दाचा अर्थ हातानं कळतो, त्यांतले ते एक. आणि गोळा करण्याचं वेड त्यांनाही होतंच. लहानपणी काड्यापेटीचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटं, पुढे संदीप पाटील संपादक असलेल्या 'एकच षटकार'मधली कापलेली चित्रं. त्यामुळे मामा-भाच्याचं छान जमेल असं मला वाटलं होतं. चहा दोनदा झाला, चकल्या संपल्या, तरी जमलं नाही. जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहिते आहे.

भाऊ : हे उघडते कुठून?

चिरंजीव : उघडत नाही मामा. उघडलं की नंबर गेला.

भाऊ : म्हणजे हात लावायचा नाही?

चिरंजीव : लावायचा कशाला? हाताला तेल असतं, घाम असतो. कार्डाच्या चकचकीत अंगावर ठसा उमटला की एक अंक उतरला समजा.

भाऊ : कापूस चिमटीत धरल्याशिवाय मी उभ्या नोकरीत प्रत सांगितली नाही. आणि तू मले न शिवलेला माल दाखवून राहिला. बरं, हा नऊ कोणी दिला?

चिरंजीव : कार्ड तपासणारी कंपनी असते. अमेरिकेतली पीएसए सगळ्यांत चालते, १९९१ पासूनची. चार गोष्टी बघतात : छपाई चौकटीच्या मधोमध बसली आहे का, चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा सोललेल्या नाहीत ना आणि पृष्ठभागावर ओरखडा नाही ना. मग एक ते दहा. दहा पाहिजे तर समोरच्या बाजूची छपाई जवळपास ५५-४५च्या आत बसायला हवी. डावीकडे पांढरी पट्टी जाड, उजवीकडे बारीक, असं झालं की संपलं.

भाऊ : आणि नऊ ते दहात भावाचा फरक किती?

चिरंजीव : खेळाडूवर आहे. कधी दुप्पट, कधी पाचपट. कधी त्याहून जास्त.

भाऊ : डोळ्याले दिसते तो फरक?

चिरंजीव : नाही. भिंगाखाली दिसतो.

भाऊ : बाप्पा.

हे 'बाप्पा' वऱ्हाडात अनेक प्रकारे म्हणता येतं. हे हताशपणाचं होतं.

भाऊ : मी तुले एक गोष्ट सांगतो. सकाळी अकरा वाजता माझा हात वेगळा राहे आणि संध्याकाळी सहाले वेगळा. सकाळची पहिली गाडी मी नीट उकरून पाही. दिवस मावळताना मागं गाड्यांची रांग, बैल सोडलेले, माणसं दोन दिवसांची जागलेली. तेव्हा वरच्या मुठीवरच प्रत ठरे. कापूस तोच, शेत तेच. एका भावाची गाडी सकाळी, दुसऱ्याची संध्याकाळी, अन् प्रत वेगळी. मी खोटं नाही केलं. पण खरंही किती केलं, ते मले माहीत आहे. तो आकडा कापसाचा नसते, त्या दिवशीच्या हाताचा असते.

चिरंजीव : म्हणूनच कंपनी पाहिजे ना! एका माणसाच्या हातावर नाही, लिहिलेल्या नियमांवर. तुम्ही मला सांगा, मी हे कार्ड कोणाकडून घेतलं? चेन्नईच्या एका माणसाकडून. मी त्याला पाहिलेलं नाही, त्यानं मला पाहिलेलं नाही. यवतमाळात कार्डांचं एक तरी दुकान आहे का? पुण्यात तरी कुठे? सगळा व्यवहार फोटोवर. फोटोत कोपरा अंधारात ठेवला की माणूस फसला. पहिल्या वर्षी मी दोनदा फसलो. एकदा कडा ब्लेडनं कापून सरळ केलेलं कार्ड आलं, एकदा तर छापील नक्कल. हा आकडा म्हणजे माझ्या प्रेमाचा पुरावा नाही मामा, अनोळखी माणसांनी एकमेकांशी व्यवहार करायची सोय आहे. तुमचा ग्रेडर नसता तर शेतकऱ्याला गावातल्या खेडा खरेदीवाल्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं की नाही?

हा मुद्दा त्यानं चांगला मांडला. भाऊंनाही तो लागला, कारण त्यांनी पान लावायला घेतलं. खेडा खरेदीत काटा कोणाचा आणि प्रत कोणाची, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला शिकवायला नको. भाऊंना लोकांनी शिव्या दिल्या असतील, पण गाड्या त्यांच्या केंद्रावरच यायच्या. तरी जुना ग्रेडर तो. चुना बोटावर घेऊन त्यांनी असा प्रश्न विचारला की मीही हातातलं काम थांबवून ऐकायला लागले.

भाऊ : पहिला नंबर कोणाले दिला?

चिरंजीव : म्हणजे?

भाऊ : दुकान उघडलं, पहिली गाडी आत आली. ती कोणाची होती? पहिली प्रत कोणाले लावली त्यावरून केंद्राची चाल कळते.

चिरंजीव हसला. मग जरा ओशाळला. मग त्यानं सांगितलं. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं, कारण न सांगता निभावलं असतं.

चिरंजीव : होनस वॅग्नर नावाचा बेसबॉलचा खेळाडू. १९०९ ते ११ या काळात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून त्याची कार्डं निघाली. त्याचं छापणं लवकर थांबवलं गेलं. कोणी म्हणतं त्याला तंबाखूची जाहिरात नको होती, कोणी म्हणतं पैसे हवे होते. जगात आज पन्नास-साठच्या आसपासच माहीत आहेत. त्यांतलं एक अगदी कोरं करकरीत निघालं. १९९१ मध्ये आइस हॉकीचा वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या एका भागीदारानं ते साडेचार लाख डॉलरला घेतलं. पीएसएनं ज्या कार्डाला पहिला क्रमांक दिला ते हेच. आठ अंक मिळाले.

भाऊ : मग?

चिरंजीव : मग २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो नावाच्या लिलाववाल्यानं कोर्टात कबूल केलं की ते विकण्याआधी त्यानं त्याच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला नियमानं अंकच मिळत नाही.

भाऊ : म्हणजे पहिलीच गाडी ओली.

यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. ओला कापूस वजनाला भरतो. ओल आठ टक्क्यांच्या वर गेली की भावात कपात आणि बारा टक्क्यांच्या वर गेली की गाडी परत, हा आजचा खरेदीचा नियम आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. पण चिरंजीवानं हार मानली नव्हती. त्यानं जे पुढे सांगितलं ते मला त्या दिवसातलं सगळ्यांत विचार करायला लावणारं वाटलं. ते कार्ड २००७ मध्ये अठ्ठावीस लाख डॉलरला गेलं होतं, तेव्हाही कापल्याची कुजबुज होतीच. कबुलीनंतरही ते जगातल्या सर्वांत नावाजलेल्या कार्डांपैकी एक राहिलंच. लोकांना आठ या आकड्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना हवी होती गोष्ट : तंबाखू, नकार, ग्रेट्झ्की, कात्री, सगळी. आपण आपल्याच विरुद्ध बोलतो आहोत हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं विषय बदलला.

चिरंजीव : हल्ली खरी मागणी असते ती क्रमांकाच्या कार्डांना. म्हणजे कार्डावरच छापलेलं असतं : ९९ पैकी १२वं, दहापैकी तिसरं. एकापैकी एकही असतं. जगात दुसरं नाही.

भाऊ : हे कमी कसे झाले? हरवले? जळाले?

चिरंजीव : नाही, तेवढेच छापतात.

भाऊ : छापणाराच म्हणते, मी कमी छापले, म्हणून जास्त द्या?

चिरंजीव : त्यामागं कारण आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की त्या काळची न फोडलेली खोकी अजून लोकांच्या माळ्यावर पडून आहेत. कोणी विचारत नाही. हात पोळल्यावर ग्राहकानं विचारलं, किती छापताय ते आधी सांगा. क्रमांक म्हणजे छापणाऱ्याचं वचन.

भाऊ : ठीक. मग या कोहलीचा हाच फोटो निळ्या चौकटीत दहा, सोनेरीत दहा, हिरव्यात दहा असा छापत असतील?

चिरंजीव : हो, त्याला परॅलल म्हणतात.

भाऊ : किती रंग?

चिरंजीव : असतात पंधरा-वीस.

भाऊ : मग दहाच कुठं राहिले लेका? दोनशे झाले. आमच्याकडे असा हिशेब करणाऱ्याले व्यापारी म्हणत, अन् त्यातही चांगला नाही म्हणत.

हे गणित मला आधी सुचलं नव्हतं, याची शरम वाटली. मी चिरंजीवाकडे बघितलं. तो म्हणाला की परॅललचा सुळसुळाट झालाय हे गोळा करणारेच सांगतात आणि म्हणूनच जाणकार माणूस सगळ्या रंगांच्या मागे धावत नाही. तो एकच रंग निवडतो, खेळाडूच्या जर्सीशी जुळणारा. बंगळुरूच्या खेळाडूचं लाल, चेन्नईच्याचं पिवळं. आणि क्रमांकातही निवड असते. कोहलीचं ९९ पैकी १८वं निघालं तर त्याला जास्त भाव, कारण त्याच्या पाठीवर १८. धोनीचं सातवं. बाकी अठ्ठ्याण्णव कार्डं हुबेहूब तशीच, पण भाव त्या एकाला.

इथे भाऊ पहिल्यांदा खुलले.

भाऊ : हे मात्र मले आवडलं. हे येडेपण खरं आहे. यात कंपनीचा हात नाही.

खरं म्हणजे आहे, क्रमांक तीच छापते. पण भाऊंना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. सात आणि सात जुळल्यावर जो आनंद होतो तो कोणत्याही नियमात लिहिलेला नाही. तो पोरांनी आपसात ठरवला. काड्यापेटीच्या छापांतही असंच होतं. एका छापाचे पाच मिळत आणि दुसऱ्याच्या पाचांतही एक मिळत नसे, ते का, हे गल्लीबाहेरच्या माणसाला कधी सांगता आलं नसतं. तशीच न ठरवता झालेल्या टंचाईची गोष्ट म्हणजे बेसबॉलच्या मिकी मँटलच्या कार्डाची. टॉप्स कंपनीनं १९५२चा माल खपला नाही म्हणून १९६० मध्ये पेट्या भरभरून न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात बुडवला, असं तो संच तयार करणारे साय बर्गरच सांगत. त्या संचातलं मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये सव्वा कोटी डॉलरच्या वर गेलं. टंचाई झालेली आणि टंचाई केलेली यांत फरक असतो. चिरंजीवाच्या पिढीला तो दिसत नाही असं नाही. तिला झालेली टंचाई परवडत नाही, म्हणून ती केलेली विकत घेते.

आणखी एक : ते मँटलचं पहिलं कार्डही नव्हे. पहिलं १९५१चं, दुसऱ्या कंपनीचं. आजच्या बाजारात 'रूकी', म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, हा परवलीचा शब्द आहे. तरी सर्वांत महाग मँटल दुसऱ्या वर्षीचा. आपल्याकडे तर पहिलं कोणतं हेच ठरत नाही, कारण दरवर्षी न चुकता निघणारा क्रिकेटचा संच भारतात कधी रुजला नाही. आयपीएल आल्यावर टॉप्सची क्रिकेट अटॅक्स कार्डं काही वर्षं पोरांच्या खिशात दिसली. त्याआधी होत्या त्या दहा-वीस रुपयांच्या ट्रम्प कार्डांच्या गड्ड्या. परवाना कोणाचा, छापल्या कुठे, कोणी विचारलं नाही.

तशाच एका गड्डीवरून पुढचा तास गेला. भाऊंच्या कपाटात चिरंजीवाची डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पहिलवानांची गड्डी निघाली, पंचवीसेक वर्षांपूर्वी सुट्टीत विसरलेली. रबर बँड वितळून वरच्या आणि खालच्या कार्डाला चिकटलेला. कोपरे असे गोल झालेले की पत्ते नव्हे, बत्तासे वाटावेत.

चिरंजीव : (घाईघाईनं चाळत) योकोझुना! वजन बोललो की कोणी वाचायचं नाही. अंडरटेकर कुठंय?

भाऊ : याले किती अंक देशील?

चिरंजीव : एक. तोही मेहरबानी म्हणून.

भाऊ : पण हसला तू याच्यावर. त्या नवाकडे पाहून हसला नव्हता.

चिरंजीव : मामा, हे माझं आहे म्हणून हसलो. हे मी विकत घेतलेलं नाही, वापरलेलं आहे. दुसऱ्या माणसाला याचं काय? तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. आठवण विकत घेता येत नाही, मान्य. मग जे विकत घ्यायचं ते तरी नीट पारखून घेऊ नये का? आणि खरं सांगू? या गड्डीतल्या कार्डावर प्रत्येक आकडा दुसऱ्याला हरवायलाच होता. वजन, उंची, छाती, दंड. तेव्हाही आम्ही आकड्यांशीच खेळत होतो.

भाऊ : खेळत होते, हेच तर.

मग त्यानं दुसरं कार्ड दाखवलं. फुटबॉलच्या एका परदेशी खेळाडूचं, जाड पुठ्ठ्याचं, मध्ये खिडकी आणि खिडकीत जर्सीचा तुकडा. हे कार्ड पेटीत बंद नव्हतं. भाऊंनी परवानगी न विचारता खिडकीत बोट घातलं, तुकडा चोळला आणि निकाल दिला.

भाऊ : पॉलिस्टर.

चिरंजीव : मामा!

भाऊ : कापसाचा एक धागा नाही यात. चिंधी ती चिंधी, अन् तीही पॉलिस्टरची. मागं काय लिहिलं आहे?

मागे बारीक अक्षरांत असं होतं की आतला कपडा कोणत्याही विशिष्ट सामन्याशी संबंधित नाही. मी ते मोठ्यानं वाचलं. म्हणजे खेळाडूनं तो सामन्यात घातला असेलच असं नाही. चिरंजीव म्हणाला की म्हणूनच हल्ली समजणारे लोक असला तुकडा सोडतात आणि सहीच्या मागे जातात. सहीतही दोन जाती : पारदर्शक चिकटपट्टीवर हजार सह्या करून घ्यायच्या आणि कारखान्यात त्या कार्डावर चिकटवायच्या ही एक, आणि खेळाडूनं ते कार्डच हातात घेऊन त्यावर केलेली ही दुसरी. दुसरीला मान. भाऊ म्हणाले, "म्हणजे तुमच्यातही हात लागलेलाच माल भारी." चिरंजीवाजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही.

पाकिटांबद्दल मी बोलले, कारण तिथे माझा जीव जातो. आमच्या कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये दोरीला दहा रुपयांची पाकिटं लटकलेली असतात. चमचमीत, पोकेमॉनची नाहीतर क्रिकेटची, बहुतेक नकली. पोरं घेतात, दुकानाच्या पायरीवरच फाडतात, 'गोल्ड' निघालं नाही की कार्डं तिथेच टाकून पुन्हा दहा रुपये काढतात. मोठ्यांचंही तेच, फक्त पाकिटाला हजार मोजतात. परदेशात तर एका माणसानं कॅमेऱ्यासमोर खोकं फोडायचं आणि पन्नास जणांनी आधीच संघ वाटून पैसे भरून बसायचं अशी पद्धत आहे. चिरंजीव या बाबतीत माझ्या बाजूचा निघाला. पाकीट फोडणं म्हणजे मटका, असं तो स्वच्छ म्हणाला. हवं ते एकच कार्ड, बघून, ठरलेल्या भावात घ्यायचं. मी सुटकेचा श्वास सोडला तोच त्यानं कबूल केलं की काही वर्षांपूर्वी मोबाइलवरची डिजिटल कार्डं मात्र त्यानं घेतली होती.

भाऊ : म्हणजे कागदही नाही?

चिरंजीव : नाही. नोंद असते. तेव्हा जोर होता त्याचा. रारियो नावाच्या कंपनीत २०२२ मध्ये बारा कोटी डॉलर आले होते. खेळाडूंशी करार, सगळं रीतसर. दुसऱ्या एका कंपनीनं करार न करता खेळाडूंची नावं आणि चित्रं वापरली म्हणून रारियोवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये कोर्टानं मनाईहुकूम दिला नाही. खेळाडूचं नाव आणि त्याचे आकडे सगळ्यांसमोर उघडेच असतात, असं म्हटलं.

भाऊ : अन् तुझे पैसे?

चिरंजीव : तेही उघड्यावरच गेले.

एवढ्यावर हा भाग मी संपवते, पोराची जास्त शोभा नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ स्वतःहून आले. बगलेत पोस्टाच्या पाकिटाएवढा डबा. रात्री झोप लागली नसावी.

भाऊ : तुझ्या बाजारात विदर्भाचं कोण आहे?

चिरंजीव : उमेश यादव आहे. आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा. आयपीएलमध्ये खेळला की कार्ड निघायची शक्यता असते.

भाऊ : रजनीश गुरबाणी? त्यानं रणजीच्या फायनलले हॅटट्रिक घेतली, इंदूरले, दिल्लीविरुद्ध. त्याच सामन्यात अक्षय वाडकरच्या १३३. फैज फझल कप्तान, चंद्रकांत पंडित कोच. २०१८च्या एक जानेवारीले विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली. साठ वर्षं जो संघ सामने भरायले जात होता, तो जिंकला. त्याचं कार्ड दाखव.

चिरंजीव : नाही मामा. मी तरी पाहिलेलं नाही. रणजीची कार्डं काढून कोण घेणार?

भाऊ : मग तुझी पसंती कशाची राहिली? जे छापलं त्यातून तू निवडते. काय छापायचं ते दुसरा ठरवते. हर्ष दुबेनं २०२४-२५च्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीत एका मोसमात इतके कोणीच घेतले नव्हते. तुझ्या नवाच्या पेटीत तो कधी येणार?

चिरंजीव : बाजार नसेल तर येणार नाही. यात बाजाराचा दोष नाही. तुम्ही तरी फरदडीच्या हलक्या कापसाला कधी पहिली प्रत लावलीत का, शेतकरी ओळखीचा म्हणून?

भाऊ : (डबा उघडत) बाजाराची वाट मी पाहिली नाही.

डब्यात अकरा कार्डं होती. लग्नपत्रिका कापून केलेली. जाड, मखमली कागद तोच असतो ना आपल्याकडे, आणि तो फेकवतही नाही. एका बाजूला वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला, खाली भाऊंच्या ग्रेडरी अक्षरात नाव, धावा, बळी. उलटं केलं की कुठे अर्धा गणपती, कुठे सोनेरी 'शुभवि'. गुरबाणीच्या पाठीवर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. वसीम जाफर आणि गणेश सतीश धरून इंदूरला जिंकलेला अख्खा संघ.

चिरंजीव कौतुक करेल असं मला वाटलं. त्यानं केलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. त्यानं एकेक कार्ड कडेनं उचललं, खिडकीशी नेलं, तिरपं धरलं. मग म्हणाला, "मामा, कागद वाकायला लागलाय. खळ लावली आहे ना? पावसाळ्यात ओल धरते, मेमध्ये पंचेचाळीस अंशांना सुकते आणि बाक येतो. वर्तमानपत्राचा कागद अजून पाच वर्षांत काळा पडेल. रबर बँड काढा आधी." बॅगेतून त्यानं पातळ प्लॅस्टिकची पाकिटं काढली, कोहलीच्या भावकीतल्या कार्डांसाठी आणलेली, आणि अकराच्या अकरा कार्डांना घातली. भाऊंनी घालू दिली. मात्र पाकिटाचं तोंड वरून उघडं राहतं ना, याची खात्री करून घेतली.

जाताना चिरंजीवानं गुरबाणीचं कार्ड मागितलं, विकत. भाऊंनी भाव सांगितला नाही आणि कार्डही दिलं नाही. कोहली अजून नवाच्याच पेटीत आहे आणि पुण्याला गेला आहे. ट्रम्प कार्डांची गड्डी मात्र यवतमाळातच राहिली. दोघांपैकी कोणाचं बरोबर, असं मला विचाराल तर घेताना मुलासारखं घ्यावं आणि ठेवताना भावासारखं ठेवावं. पण पैसे माझे असते तर मी गुरबाणीवर लावले असते.

आता एक काम. भाऊंना बारावं कार्ड करायचं आहे : दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा आपला विदर्भाचा अक्षय कर्णेवार. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्यानं मणिपूरविरुद्ध चार षटकं टाकली, चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. टी-२०त असं आधी कोणी केलेलं नव्हतं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि आवराआवरीत आमच्या घरचा त्या आठवड्याचा सगळा पेपर रद्दीत गेला. जिल्ह्यात कोणाच्या माळ्यावर ९ नोव्हेंबर २०२१च्या मराठी पेपरचं क्रीडापान फोटोसकट उरलं असेल, तर या मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. घडी पडलेलं, कडा कुरतडलेलं, तेलाचा डाग असलेलं चालेल. पत्रिका आम्ही बाजूला काढून ठेवली आहे.